तीन संध्याकाळी आणि एक पितळी पट्टी

प्रिय ताई,

मी 34 वर्षांची आहे. गेली 9 वर्षं एका सांस्कृतिक मासिकात उपसंपादक म्हणून काम करते. नाटक हा माझा मूळ विषय. त्यावर समीक्षा लिहिते, बाकीचा सगळा वेळ दुसऱ्यांचे लेख तपासण्यात जातो. आमचे संपादक दोन महिन्यांनी निवृत्त होतायत. त्यांच्या जागी येशील का, असं मालकांनी मला विचारलंय आणि महिनाअखेर उत्तर द्यायचंय. मला झोप नाही. एक तर माझं स्वतःचं लिखाण संपेल अशी भीती वाटते. दुसरं, नाटकवाले सगळे ओळखीचे, काही तर जिवाभावाचे. त्यांच्या प्रयोगांवर वाईट समीक्षा आली तर ती मी छापायची? आणि घरचे म्हणतात, मासिकांचे दिवस गेले, बुडत्या जहाजावर कप्तान होऊन काय मिळणार?

मागच्या महिन्यात एका नवख्या मुलाने बाजाची पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरावर लेख पाठवला. ‘त्यांच्या बोटांत जादू आहे’ असं त्यात तीनदा होतं. मी त्याला विचारत राहिले, बोटं नेमकं करतात काय? तो पुन्हा जाऊन बसला आणि लिहून आणलं: सूर चढवायचा असेल तर पितळी पट्टीचं टोक घासायचं, उतरवायचा असेल तर बूड. लेख छापून आला, त्याला खूप फोन आले. माझ्या तीन संध्याकाळी त्यात गेल्या होत्या, नाव मात्र कुठेच नव्हतं. बरंही वाटलं आणि कुठेतरी टोचलंही. माझ्यासारखीने ही जबाबदारी घ्यावी का?

– एक उपसंपादक

*

प्रिय मैत्रिणी,

वयाने बरीच मोठी आहे, म्हणून तू म्हणते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पट्टीपाशी थांबले. बाकीच्या पत्रात तू घाबरलेली आहेस, तिथे मात्र नाहीस. तिथे तुझी वाक्यं सरळ चालतात. ‘जादू’ खोडून त्या जागी दुसरं एखादं गोंडस विशेषण तुला सहज टाकता आलं असतं, दहा मिनिटांत काम झालं असतं. तू तसं केलं नाहीस. त्या मुलाला परत त्या कारागिराच्या समोर नेऊन बसवलंस. मी तो लेख वाचलेला नाही, तरी आता मला ती पट्टी दिसते, कानस कुठल्या टोकाला लागते ते दिसतं, आणि जरा जास्त घासलं गेलं तर काय होईल याची धाकधूकही वाटते.

संपादकाचं काम हेच आहे. ते तू करतेच आहेस, मालकांनी विचारण्याच्या कितीतरी आधीपासून. म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकते: घे ती जागा. पण डोळे उघडे ठेवून घे, आणि मालकांशी काही गोष्टी पक्क्या करून घे. त्या पुढे सांगते.

आधी ते टोचणं. टोचलं याची लाज वाटून घेऊ नकोस. ज्याला स्वतःला लिहिता येतं त्याला टोचणारच. मी 22 वर्षं एक मासिक सांभाळलं, तरी एखादा उत्तम लेख हातात आला की आधी आनंद व्हायचा आणि पाठोपाठ बारीकसं काहीतरी वाटायचं, की हे मी लिहायला हवं होतं. माझ्या अनुभवात ते कधी पूर्ण गेलं नाही. फक्त आनंद आधी येतो की टोचणी आधी येते, एवढं बघायचं. तू लिहिलंयस, ‘बरंही वाटलं आणि कुठेतरी टोचलंही’. क्रम तूच लावलायस. उलटा असता तर मी तुला समीक्षक म्हणूनच राहा असं सांगितलं असतं, आणि त्यातही कमीपणा काही नव्हता.

तुझ्या लिखाणाचं काय होईल, याबद्दल खोटा दिलासा देणार नाही. कमी होईल. पहिली दोन वर्षं तर जवळजवळ थांबेल. दिवसभर दुसऱ्यांच्या वाक्यांत वावरल्यावर संध्याकाळी स्वतःचं वाक्य सापडत नाही, कान भरलेले असतात. काहींनी हे मनापासून पत्करलं. न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स 1963 मध्ये सुरू झालं तेव्हापासून 2017 मध्ये वारेपर्यंत रॉबर्ट सिल्व्हर्स त्याचे संपादक होते, 2006 पर्यंत बार्बरा एपस्टाइन त्यांच्या जोडीला. एवढ्या काळात सिल्व्हर्स यांनी स्वतःच्या नावाने जवळजवळ काहीच लिहिलं नाही. उलट टोकाला विल्यम मॅक्सवेल: जवळपास 40 वर्षं ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात दुसऱ्यांच्या कथा तपासल्या आणि आपल्या कादंबऱ्याही लिहिल्या. आपल्याकडे राम पटवर्धन. श्री. पु. भागवतांच्या बरोबरीने त्यांनी ‘सत्यकथा’ मासिक सांभाळलं, आणि आज कितीतरी वाचक त्यांना ओळखतात ते ‘पाडस’मुळे, एका अनुवादामुळे. मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं. दुसऱ्याच्या मजकुराशी एकरूप होण्याची जी सवय संपादनात लागते, तिलाच त्यांनी स्वतःचं लिखाण करून टाकलं.

तेव्हा तुझं लिखाण टिकेल, पण रूप बदलून. प्रयोग बघून दोन दिवसांत समीक्षा द्यायची, हे मात्र सोड. आपल्याच मासिकात संपादकाने नियमित समीक्षा लिहिणं मला कधी पटलं नाही. तुझ्या मताच्या शेजारी दुसऱ्या समीक्षकाचं मत मोकळेपणाने उभं राहत नाही, तो लिहितानाच तुझ्याकडे बघायला लागतो. त्याऐवजी सावकाश चालणारं काहीतरी धर. एखाद्या नटाच्या कामाचा दीर्घ अभ्यास, नाटकाचा अनुवाद, असं काही. अंकाच्या वेळापत्रकाशी त्याचा संबंध नको. आणि आठवड्यातला एक दिवस तू कचेरीत नसशील, हे आत्ताच ठरवून घे. एकदा खुर्चीत बसलीस की तो दिवस मागून मिळत नाही.

आता ओळखीच्या माणसांचं. पत्रातला हाच प्रश्न सगळ्यात अवघड आहे, कारण तो वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. सांस्कृतिक क्षेत्र लहान असतं. ज्याच्या नाटकावर आज तुझ्याकडे समीक्षा आलीय, तोच उद्या परिसंवादात शेजारच्या खुर्चीवर असतो, आणि परवा त्याच्याकडूनच तुला लेख हवा असतो. यातून सुटायला लोक दोन वाटा धरतात. एक म्हणजे सगळ्यांचं गोड लिहायचं. दुसरी म्हणजे निर्भीड म्हणवून घेण्यासाठी जवळच्यांनाच जास्त झोडपायचं. दोन्हींत वाचकाला नाटकाबद्दल काहीच कळत नाही.

इथे मला आपल्या कायद्यातला एक तुकडा नेहमी उपयोगी पडला. 1860 च्या दंड संहितेत बदनामीचं 499 वं कलम होतं आणि त्याला काही अपवाद होते. त्यातला सहावा खास आपल्या कामाचा. पुस्तक, भाषण, रंगमंचावरचा अभिनय, गाणं, असं जे कुणी लोकांच्या पसंती-नापसंतीसाठी पुढे ठेवलंय, त्याच्या गुणदोषांबद्दल सद्भावनेने मत देणं ही बदनामी नाही. करणाऱ्याच्या स्वभावाबद्दलही बोलता येतं, पण त्या कृतीतून जेवढं दिसतं तेवढंच. खाली उदाहरण दिलंय, ते मी नव्या समीक्षकांना वाचून दाखवायचे. अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, त्याअर्थी तो दुबळा माणूस असला पाहिजे, असं म्हटलं तर चालतं. पण त्याचं पुस्तक मूर्खपणाचं निघालं यात मला नवल वाटत नाही, कारण तो मुळातच दुबळा आणि लंपट आहे, असं म्हटलं तर चालत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली; तिच्या 356 व्या कलमात हा अपवाद कायम आहे.

कज्जे टाळण्यासाठी हे लक्षात ठेव असं मी म्हणत नाही, तो फायदा वरचा. त्या दोन वाक्यांत विचाराची दिशा उलटी आहे. एक कृतीकडून माणसाकडे जातं, दुसरं माणूस आधीच ठरवून कृतीवर येतं. वाईट समीक्षा हातात आली की प्रत्येक वाक्याला विचारायचं, तू रंगमंचावरून आलंस की कट्ट्यावरून? ‘दुसऱ्या अंकात बाप दारातून आत येतो तेव्हा तीन पात्रं त्याच्याकडे पाठ करून उभी आहेत, त्यामुळे त्याचा धक्का कुणाच्याच चेहऱ्यावर उमटत नाही’ हे रंगमंचावरून आलंय, कितीही लागलं तरी ठेव. ‘दिग्दर्शकाचा आळस आता सवयीचा झालाय’ हे कट्ट्यावरून आलंय, काढ. एवढं केलंस की तुझ्या मित्राला राग येईल, पण सहा महिन्यांनी तो त्या दाराबद्दल तुझ्याशी बोलेल.

जिवाभावाच्या माणसाचं नाटक असेल तर समीक्षक निवडण्याचं आणि तो मजकूर तपासण्याचं काम सहकाऱ्याला दे, आणि तसं कचेरीत सगळ्यांना सांगून ठेव. छापण्याआधी मित्राला दाखवू नकोस, कितीही आग्रह झाला तरी. एकदा दाखवलंस की पुढच्या प्रत्येकाचा तो हक्क होतो. आणि समीक्षकाचं मत बदलायला कधीही सांगू नकोस. तपशील तपास, पुरावा माग, भाषा सुधार, निवाडा मात्र त्याचा. जाहिरात देणाऱ्या निर्मात्यांबाबत आणि येण्याजाण्याचं भाडं, राहण्याची सोय देऊन बोलावणाऱ्या महोत्सवांबाबतही हाच नियम. गेलीस तर वाचकाला लेखाखाली एका ओळीत सांग की आयोजकांच्या खर्चाने गेलो होतो.

अंकात आपण छापतो ना, ‘या अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’, त्या ओळीवर फार विसंबू नकोस. नियतकालिकांच्या नोंदणीचा 1867 चा कायदा जाऊन 2023 चा नवा आला, 1 मार्च 2024 पासून तो लागू आहे. काय छापायचं ते ठरवणारी व्यक्ती म्हणजे संपादक, हे मात्र बदललेलं नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तुझं नाव येईल. तीन संध्याकाळी जिथे तुझं नाव नव्हतं, तिथे आता प्रत्येक ओळीखाली ते असणार आहे, चांगल्याही आणि वाईटही.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण मला ती सांगायचीच आहे. ती आहे नकाराची.

माझ्या पहिल्या वर्षी एका शिक्षकांची कथा आली होती. कथा बेताची होती. मी पोस्टकार्डावर लिहिलं, ‘जागेअभावी घेता येत नाही, क्षमस्व.’ महिन्याभराने तीच कथा पुन्हा आली, निम्मी करून. सोबत चिठ्ठी: आता जागेत बसेल अशी आशा आहे. मला ओशाळल्यासारखं झालं, तरी धीर झाला नाही. पुन्हा जागेचंच कारण लिहिलं. तिसऱ्यांदा पाकीट आलं तेव्हा कथा दीड पानाची उरली होती. आणि तिच्यात जे एकमेव चांगलं होतं, विहिरीवरचा एक प्रसंग, तोच त्यांनी कापून टाकला होता, कारण कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की तेवढंच चांगलं आहे. त्या दिवशी मी त्यांना चार पानी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं नाही. पुन्हा कथाही आली नाही. ते तिसरं पाकीट अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर जागेचं कारण मी कधीच लिहिलं नाही. रोज ढीग येतो, सगळ्यांना चार पानं लिहिता येत नाहीत, मान्य. पण दोन खरी वाक्यं लिहिता येतात. घेत नाही, कारण अमुक, आणि यातला हा भाग जिवंत वाटला. श्री. पुं.चं नाव आजही आदराने घेतात ते लेखकांशी त्यांनी केलेल्या चर्चांमुळे आणि पत्रव्यवहारामुळे. ‘सत्यकथे’चं साभार परतही लोकांच्या लक्षात राहिलं, एवढं त्याला वजन होतं.

आणि त्याच ‘सत्यकथे’ची दुसरी बाजूही तुला माहीत असायला हवी. साठच्या दशकात लघुअनियतकालिकं, म्हणजे ठरल्या वेळी न निघणारी छोटी नियतकालिकं, काढणारे तरुण तिच्या विरोधात उभे राहिले, तिच्या अंकाची होळीही झाली. त्यांचं म्हणणं होतं की तुमची अभिरुची म्हणजे एक बंद दार आहे, आमचं जगणं आणि आमची भाषा त्यातून आत येत नाही. दलित लेखकांना हक्काची जागा मिळाली ती गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’मध्ये, म्हणजे कुणीतरी वेगळं नियतकालिक काढलं तेव्हा. मी ‘सत्यकथा’ वाचत वाढले, तिच्यावर माझं प्रेम आहे, तरी मला तो आरोप खरा वाटतो. चांगला कान असलेल्या संपादकाचाही कान एका पट्टीत बसलेला असतो. म्हणून वर्षातून एकदा गेल्या 12 अंकांची लेखकसूची काढून समोर ठेव. किती नावं पुन्हापुन्हा आलीत, किती एकाच शहरातली, एकाच वर्तुळातली आहेत, बायका किती, पहिल्यांदा लिहिणारे किती. मोजून बघ. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा 12 अंकांत पहिल्यांदा लिहिणारे फक्त 4 होते. त्याआधी कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे ‘भरपूर’ म्हटलं असतं.

त्या पेटीवाल्याचा लेख ज्याने लिहिला, तसली मुलं आपणहून येतातच असं नाही. त्यांना शोधायला जावं लागतं, आणि नुसतं ‘काहीतरी पाठव’ म्हणून भागत नाही. नेमका प्रश्न द्यावा लागतो. ‘संगीतावर लिही’ म्हटलं की जादू येते. ‘एका दिवसात किती पेट्या येतात आणि कुठला सूर सगळ्यात आधी बिघडतो’ म्हटलं की लेख येतो.

घरच्यांचं म्हणणं. त्यांची काळजी चुकीची नाही. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद पडली, आणि तेव्हा आजच्यासारखा हातातला पडदा नव्हता. आपल्याकडे मासिकं बंद पडण्याचा इतिहास मासिकांच्या इतिहासाइतकाच जुना आहे. पण अनपेक्षित जागी उगवण्याचाही आहे. 1920 मध्ये एका कारखान्याचं खबरपत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. शंकरराव किर्लोस्करांची दृष्टी चित्रकाराची. त्या खबरपत्राचं पुढे घराघरातलं मासिक झालं आणि 1930 मध्ये पाठोपाठ ‘स्त्री’ निघालं. तेव्हा जहाज बुडतंय की नाही हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तू मात्र विचारून घेऊ शकतेस. मालकांकडून खरी छपाई किती आणि वर्गणीदार किती ते घे, तोंडी नको, कागदावर. पुढचे किती अंक काढायचे पैसे हातात आहेत, तेही विचार. लेखकांचं मानधन किती महिने थकलंय, हे तर नक्की विचार. मासिकाची तब्येत सगळ्यात आधी तिथे कळते. मजकुराबाबत शेवटचा शब्द कुणाचा, हे लिहून घे. जाहिरात विभागाला एखादा लेख नको असेल तर काय होईल, असा सरळ प्रश्न विचार आणि उत्तर देताना ते किती वेळ घेतात ते बघ. उत्तरं मिळाली नाहीत तर नाही म्हण, मनात काही न ठेवता.

आणि समजा 5 वर्षांनी ते मासिक बंद पडलंच. तोवर कुणाला काय विचारायचं, दुसऱ्याचं वाक्य त्याचंच ठेवून सरळ कसं करायचं, 96 पानांत म्हणजे 16 पानांच्या सहा फर्म्यांत दीर्घ लेखाच्या मागे काय ठेवायचं की वाचकाला दम घेता येईल, हे सगळं तुझ्या हातात बसलेलं असेल. प्रकाशनसंस्था, संग्रहालयं, ध्वनिमुद्रित कार्यक्रम करणारे, सगळ्यांना अशी माणसं लागतात. पगाराने श्रीमंत होशील असं मात्र समजू नकोस. घरात आणखी कुणी कमावतं आहे का आणि तुझ्यावर कर्ज आहे का, ते तू लिहिलं नाहीस. त्याचा हिशेब तुझा तू आधी कर.

हो म्हणालीस तर हे दोन महिने वाया घालवू नकोस. तुमच्या संपादकांच्या शेजारी बसून, ते जाण्याआधी, कुणाकुणाला लेखाचा शब्द दिलाय, कुणाचं मानधन राहिलंय, कुणाला काय लिहिताना अडचण असते, हे वहीत उतरवून घे. ते कुठल्याही फाइलीत नसतं, त्यांच्या डोक्यात असतं. त्यांच्या टेबलाच्या खणात स्वीकारलेले पण न छापलेले लेख असतील. प्रत्येक मासिकात असतात, काही तर दोन-दोन वर्षांपासून. ते सगळे बाहेर काढ, वाच, आणि पहिल्या महिन्यातच त्या लेखकांना कळव की अमुक अंकात घेते. आणि घेणार नसशील तर ज्यामुळे घेत नाहीस ते कारण लिहून.

तुझी,
ताई